रेंज येते तिथली शाळा

आमचे उमाशंकर साहेब दिल्लीहून शैक्षणिक नियोजनाचा सहा महिन्यांचा कोर्स करून लातूरला परतले, तेव्हा शिक्षण विभागाच्या नियोजन कक्षातल्या आम्ही सगळ्यांनी त्यांना हार घातला आणि त्यांनी आम्हाला तीन सिद्धान्त सांगितले. पहिला असा, की लोकांना जेवढं शिक्षण हवंय तेवढं द्यावं. दुसरा, देशाला ज्या कामाची जेवढी माणसं लागतात तेवढीच शिकवावीत. आणि तिसरा, शिकवून पुढं काय पदरात पडतं ते आधी बघावं, मग शिकवावं.

"मग आपण यातला कोणता लावायचा?" मी विचारलं.

"ग्यानोबाराव, विकसनशील देशात तिन्ही एकदम लावतात."

तिन्ही एकदम लावले की काय होतं ते मला पुढच्या वर्षभरात कळलं. शाळा बंद होते.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुमचा गैरसमज होईल. उदगीरचे. कपाळाला भस्म लावल्याशिवाय फायलीला हात लावत नसत. सोमवारी उपास. शिपायालासुद्धा अहो-जाहो. दौऱ्यावर गेले तर घरून दशमी आणि पाण्याची बाटली नेत, कुणाचा चहा घेत नसत. असा स्वच्छ हाताचा माणूस एखादी गोष्ट मिटवायला निघाला की तिचा डागसुद्धा मागं राहत नाही.

मी त्यांच्या हाताखाली वरिष्ठ सहायक होतो आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्या जूनमध्ये आम्ही 'समूह शाळा आराखडा' तयार केला. नियम सोपा होता. पट वीसच्या आत आहे आणि दुसरी शाळा एक किलोमीटरच्या आत आहे, तर धाकटी शाळा थोरलीत मिसळायची. 'बंद' हा शब्द एकशे बारा पानांत एकदाही नव्हता. ती पानं मीच टाईप केली होती, त्यामुळं खात्रीनं सांगतो. एकेचाळीस शाळांची यादी निघाली. सत्ताविसाव्या ओळीत होती निळवाडी, तालुका जळकोट. पट चौदा. जवळची शाळा करडगाव. अंतर शून्य पूर्णांक नऊ किलोमीटर.

यादी ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी गेली. गुरुवारी अकरा वाजता दोन बायका कक्षात येऊन उभ्या राहिल्या. एक आरती मॅडम, निळवाडीच्या एकुलत्या एक शिक्षिका. दुसऱ्या सरजाबाई. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या, आणि त्यांची नात पुनम तिथंच तिसरीत होती. लेक-जावई पुण्याकडं वीटभट्टीवर, पोर आजीपाशी.

साहेबांनी खुर्च्या दिल्या. मॅडम बसल्या. सरजाबाई बसल्या नाहीत.

"साहेब, नऊशे मीटर कुनी मोजलं?"

"मोजावं लागत नाही आजी. यंत्रणा आपोआप मोजते."

"चालून?"

"नाही, वरून."

"वरून म्हंजी घारीवानी?"

साहेब हसले. त्यांना विनोद कळत असे. "तसंच समजा."

"घारीची लेकरं न्हाईत आमच्या साळंत. मानसाची हायत. तळ्याला वळसा घालून चार किलोमीटर पडतंय करडगाव. आन पावसाळ्यात सांडव्यावरून पानी वाहाया लागलं की तो बी रस्ता न्हाई."

साहेबांनी संगणक त्यांच्याकडं वळवला. नकाशावर शाळेची एक लाल टाचणी, करडगावची दुसरी. मध्ये तळं होतं. नकाशात ते निळं दिसत होतं, आणि दिसायला छान होतं.

"ही टाचणी शाळेवर नाही," मॅडम म्हणाल्या. "ही खंडोबाच्या माळावर आहे. शाळेपासून मोजलं, तर वरूनसुद्धा एक किलोमीटरच्या पुढं जातं."

"मग तिथं कुणी नोंदवली?"

मॅडमनी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मीच."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, आमच्याकडच्या गुरुजनांना सांगावं लागत नाही. निळवाडी खळग्यात आहे. शाळेत रेंज येत नाही. रेंज येते ती पाऊण किलोमीटर चढून गेलं की माळावर, लिंबाच्या झाडापाशी, तेसुद्धा तळ्याकडं तोंड करून उभं राहिलं तर. हजेरी रोज पाठवायची, किती लेकरं जेवली ते रोज पाठवायचं, कुठल्या तरी दिनाचे फोटो दर आठ दिवसांनी पाठवायचे. मॅडम ते सगळं माळावरून पाठवत. तीन वर्षांपूर्वी 'शाळेचे स्थान नोंदवा' असा हुकूम आला, तेव्हा त्या इतर कामासारख्याच माळावर गेल्या आणि लिंबाखाली उभं राहून त्यांनी बटण दाबलं. यंत्रणेनं विचारलं नाही की बाई, तुम्ही शाळेत आहात का. तिनं मानलं, की बाई आहे तिथं शाळा आहे.

"म्हणजे चुकीची माहिती शासनाला तुम्हीच दिली," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"सगळेच तसं करतात सर. कुणी टाकीवरून, कुणी देवळाच्या गच्चीवरून."

"ते मी ऐकलं नाही असं समजतो. नाहीतर मला चाळीस नोटिसा काढाव्या लागतील."

सरजाबाई मग बसल्या. खुर्चीवर नाही, खालीच, भिंतीला टेकून. "साहेब, माझी लेक, पुनमची माय, हुशार व्हती. तवा आमच्यात चौथीपस्तोरच साळा. पाचवीला करडगाव. तळं आडवं. येकटी पोर कशी धाडावी म्हनून मालक म्हनले, बास झालं. पंधराव्या वर्साला दिली तिला. आता वीट थापती. पुनमचं मी तसं होऊ द्यायची न्हाई. आट वर्साची हाय ती. मोठी झाली की सायकलीवर जाईल कुटं बी. आत्ता न्हाई जात."

साहेबांनी ते मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "आजी, तुमचं म्हणणं सामाजिक मागणीच्या सिद्धान्तात बसतं."

"बसतंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की साळा."

"पण अंतरात बसत नाही."

तरीही साहेबांनी मार्ग दाखवला. स्थानदुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन भरता येत होता, मुदत पंधरा दिवस. अट एकच. शाळेच्या आवारात उभं राहून भरायचा आणि तिथूनच, त्याच क्षणी पाठवायचा, म्हणजे खोटेपणाला वाव नको. अट साहेबांनी स्वतः घातली होती. दिल्लीत तिचं कौतुक झालं होतं.

त्या पंधरा दिवसांत मॅडमचे मला सहा फोन आले. मी दर वेळी विचारायचो, कुठून बोलताय, आणि त्या म्हणायच्या, माळावरून. पहिले आठ दिवस त्यांनी शाळेच्या प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून बघितलं. मग बाकावर चढून. मग एका पालकानं शिडी आणली, तर पत्र्यावर चढून. बाराव्या दिवशी पुनमला सुचलं, की झेंडा वर जातो तसा फोन का नाही जाणार. खिचडीचा रिकामा डबा घेतला, त्यात फोन ठेवला, झेंड्याच्या दोरीला बांधला. दोरी पुनमनं ओढली. चौदा लेकरं सावधानमध्ये उभी. त्यातल्या एकानं राष्ट्रगीत सुरू केलं, त्याला गप्प करावं लागलं.

"आणि सर, रेंज आली!" मॅडम फोनवर ओरडल्या. "वर एक काडी आली! मेसेज आल्याचा आवाज आला!"

"मग पाठवला अर्ज?"

"बटण कोण दाबणार वर?"

खाली उतरवला की काडी जायची. मुदत संपली.

साहेब मात्र नियमाचे पक्के होते, आणि नियमात आणखी एक दार होतं, प्रत्यक्ष पडताळणीचं. त्याचा अर्ज कुठूनही करता येत होता. मॅडमनी तो माळावरून केला आणि दोन मिनिटांत गेला. साहेबांनी पुढच्याच आठवड्यातली तारीख दिली. "मी स्वतः येतो," म्हणाले. मी मॅडमना कळवलं. पलीकडं त्या रडत होत्या की वारं होतं, फोनवर समजलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही लातूरहून सकाळी निघालो. ड्रायव्हरनं नकाशा लावला होता. जळकोट मागं टाकलं, डांबरी सुटली, आणि नकाशातल्या बाईनं आम्हाला बरोबर खंडोबाच्या माळावर आणून सोडलं. "आपण आपल्या ठिकाणी पोचला आहात," ती म्हणाली.

लिंबाचं झाड. शेंदूर लावलेला एक धोंडा. सात-आठ शेरडं.

आणि खाली, खळग्यात, शाळा. पिवळ्या भिंती, पत्रा, झेंड्याचा खांब. धुतलेल्या कपड्यांतली लेकरं दोन रांगांत उभी होती. मॅडमच्या हातात ताट दिसत होतं, नारळ असावा. चुलीचा धूर निघत होता. मला इतक्या वरून वास आला असं म्हणणार नाही, पण त्या दिवशी सरजाबाईंनी खिचडी केली नव्हती, गूळभात केला होता, हे मला नंतर कळलं.

साहेबांनी टॅब काढला. नमुना उघडला. मोठ्यानं वाचला. "नोंदवलेल्या ठिकाणी शाळा आढळली, किंवा, आढळली नाही."

"साहेब, ती काय खाली दिसते," मी म्हणालो.

"दिसते हो. पण 'दिसते' असा पर्याय नाही."

"मग खाली जाऊन भरू."

"नोंदवलेल्या ठिकाणापासून पन्नास मीटरच्या बाहेर गेलं की नमुना बंद होतो. आणि खाली रेंज नाही, हे तर त्यांचंच म्हणणं आहे."

"निदान बघून तरी येऊ. सकाळपासून उभे असतील लोक."

साहेबांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं जातील. मग म्हणाले, "नारळ दिसतोय. सत्कार घ्यायचा आणि मग पडताळणी करायची, हे मला जमणार नाही ग्यानोबाराव. तीस वर्षांत कुणाचा चहा घेतला नाही मी."

तेवढ्यात खालून कुणीतरी चढताना दिसलं. गाडी पाहून पुनम पळत सुटली होती, मागं मॅडम, त्यांच्या मागं चपला हातात घेऊन सरजाबाई. पुनम आधी पोचली. गुडघ्यावर हात ठेवून दम घेतला, मग साहेबांना नमस्कार केला.

"साहेब, साळा खाली हाय," ती म्हणाली. साहेब वाट चुकलेत असंच तिला वाटलं होतं.

"माहीत आहे बाळ. नाव काय तुझं?"

"पुनम. चला, दावते. इथून हाक मारली तर ऐकू जाती, लई लांब न्हाई."

साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला पेन दिलं. लिंबाखाली उभी करून तिचा फोटो काढला, नमुन्यात 'स्थळाचे छायाचित्र' लागत होतं. मग 'आढळली नाही' वर बोट ठेवलं.

"सर," मॅडम म्हणाल्या, "सर, मागं वळून बघा ना एकदा."

"मॅडम, मी बघितलंय. माझ्या बघण्यावर शाळा चालली असती तर नियोजनाची गरजच काय होती?"

हे ते खोचकपणे बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शेऱ्याचा रकाना त्यांनी मला भरायला दिला. शंभर अक्षरांची जागा. मी लिहिलं: 'शाळा येथून खाली स्पष्ट दिसते. मुले रांगेत उभी आहेत.' मग पंच म्हणून माझी सही लागत होती. माझे पेन्शनचे कागद त्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होते. ते कारण होतं असं मी म्हणत नाही. पण होते. बोटानं सही केली, काचेवर, नीट आली नाही म्हणून पुसून परत केली.

सरजाबाई वर पोचल्या तेव्हा गाडी वळत होती. त्या काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "जेवून तर जा की ओ." साहेबांनी हात जोडले.

दोन आदेश निघाले. पहिला, निळवाडीची शाळा नोंदवलेल्या ठिकाणी अस्तित्वात नसल्यानं तिचा क्रमांक रद्द. शाळाच नाही म्हटल्यावर अंतराचा प्रश्नच उरला नाही, आणि अंतरावरची मॅडमची हरकत निकाली निघाली. चौदा विद्यार्थी करडगावच्या पटावर घेण्यात आले. त्यासाठी लेकरांना कुठं जावं लागलं नाही, कक्षात बसून आमच्या ऑपरेटरनं सात मिनिटांत घेतले. दुसरा आदेश मॅडमच्या नावे. चुकीचं स्थान नोंदवल्याबद्दल खुलासा मागवला आणि समायोजनानं देवणी तालुक्यात पाठवलं. तिथल्या शाळेत रेंज चांगली येते, असं त्यांनी मला पुढं एकदा कळवलं. शाळेतूनच कळवलं.

फेब्रुवारीत नांदेडला तीन जिल्ह्यांची कार्यशाळा झाली. 'विकसनशील क्षेत्रात शैक्षणिक नियोजनाच्या यशस्वी रणनीती.' साहेबांचं सादरीकरण दुपारच्या जेवणाआधी. चित्रं पुढं ढकलायला मी. पहिल्याच चित्रात लिंबाखालची पुनम, हातात पेन, वाऱ्यानं केस उडालेले. वर लिहिलं होतं: 'टिकवण शंभर टक्के.' एकेचाळीस शाळा मिसळल्या, पटावरचं एकही मूल गळालं नाही. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून माहूरकडच्या एका केंद्रप्रमुखानं हात वर केला. म्हातारा माणूस, स्वेटर घातलेला.

"साहेब, पटावर आहेत ते कळलं. पण जातात का?"

"उपस्थिती शहाण्णव टक्के आहे."

"ती करडगावचे गुरुजी भरतात ना? त्यांचा पट वीसच्या खाली गेला तर त्यांचीच शाळा मिसळेल. ते कशाला गैरहजरी लावतील?"

साहेब प्रसन्नपणे म्हणाले, "हा फार चांगला प्रश्न आहे. आपण तो जेवणानंतर घेऊ."

जेवणात जिलेबी होती. साहेबांनी घरची दशमी काढली. जेवणानंतर दुसरं सत्र सुरू झालं.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी निवृत्त झालो. साहेबांनी शाल दिली, माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलले, कागद वेळेत पाठवले. पोळा झाल्यावर जळकोटला एक साखरपुडा होता. तिथून निळवाडी अकरा किलोमीटर. जेवण झालं, मंडळी पान खात बसली, आणि मी कुणाला काही न सांगता मोटारसायकल मागून घेतली.

शाळेच्या व्हरांड्यात कडबा रचला होता. भिंतीवरचे पाढे बाराच्या पाढ्यापर्यंत दिसत होते, पुढचे कडब्यामागं गेले होते. खांबाची दोरी कुणीतरी सोडून नेली होती. तिथं बसलेल्या एका बाईनं सांगितलं, सरजाबाई माळावर असतील, शेरडं घेऊन. सांडव्यावरून पाणी वाहत होतं, रस्ता बंद होता, हेही तिनं न विचारता सांगितलं.

मी चढून गेलो. सरजाबाई लिंबाखाली बसल्या होत्या. पुनम वीतभर उंच झालेली, हातात काठी.

सरजाबाईंनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "तुमी साहेबासंगट आल्ते. या. बसा रेंजात."

मी बसलो. विचारलं, "पुनम, कितवीत तू आता?"

"चवथीत," सरजाबाई म्हणाल्या. "फोनवर आल्तं. पास झाली म्हनं. शान्नव टक्के हजर व्हती म्हनं. मी हिला इचारलं, कवा गेल्तीस गं?"

पुनम हसली नाही. शेरडाकडं बघत राहिली.

"वाचन विसरली असेल," मी म्हणालो. हे का म्हणालो, माझं मलाच ठाऊक नाही.

"इसरती कशानं? रोज वाचती की. बाई गेली तवा एक कागद देऊन गेली. पुस्तकं समदी करडगावला नेली, घरात एवढाच एक हाय वाचायला. कोन बी आलं, फुडारी आला, पेपरवाला आला, मी हिला म्हनते वाच." त्यांनी कमरेची पिशवी सोडली. घड्यांवर फाटलेला कागद, मागून चिकटपट्टी लावलेली. "वाच गं. पावने आलेत."

पुनमनं काठी खाली ठेवली. कागद दोन्ही हातांत धरला आणि शाळेत उभं राहून वाचतात तशी ताठ उभी राहिली. पडताळणीचा अहवाल होता. दिनांक, वार, वेळ. 'वस्तुनिष्ठ', 'संनियंत्रण', 'अक्षांश' हे शब्द ती इतक्या सहज म्हणत होती, की आमच्या कक्षात कुणाला तसे आले नसते.

"नोंदवलेल्या ठिकाणी शाळा आढळली नाही. शेरा, निरंक."

"निरंक?" मी म्हणालो.

"त्याचा अर्थ काई न्हाई," पुनमनं मला समजावलं. "मॅडमनी सांगितल्ता."

मी लिहिलेला शेरा कुठं गेला, ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, झालं वाचून. उठायला लागलो.

"खालचं बी वाच," सरजाबाई म्हणाल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या, तळ्याकडं बघत होत्या.

पुनमनं बोट खाली नेलं.

"वरील सर्व मजकूर माझ्या समक्ष लिहिला असून तो खरा व बरोबर आहे. पंच, ग्यानोबा वैजनाथ बिरादार, वरिष्ठ सहायक, लातूर."

एकदाही अडखळली नाही. मग तिनं कागद खाली घेतला आणि, समोर कुणी शिकलेलं माणूस बसलं की लेकरं विचारतात तसं विचारलं,

"बरोबर वाचलं का ओ?"

"बरोबर," मी म्हणालो.